आत्यांचं पाणी

सत्तरच्या दशकात सासूबाईंच्या बेंबीपाशी हर्निया झाला. तेव्हा त्या साठीच्या पुढे होत्या आणि वजन होतं ब्याऐंशी किलो. डॉक्टर म्हणाले, आठ किलो उतरल्याशिवाय मी ऑपरेशन करणार नाही. भाकरी निम्मी करा आणि दिवसातून चार वेळा, खाण्याच्या अर्धा तास आधी, दोन फुलपात्री पाणी द्या. या वयात तहान नीट कळत नाही, माणूस तहानेलाच भूक समजून खात सुटतं. मला ते लगेच पटलं. शिस्तीचं काहीही मला लगेच पटतं, आणि घरच्यांना त्याचा फार ताप झालेला आहे.

वजनकाटा तेव्हा कुणाच्या घरात असायचा? पण माझे यजमान शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. रविवारी बाजार बंद असला की आम्ही आत्यांना (सासूबाईंना मी आत्या म्हणत असे) तिथल्या काट्यावर उभं करायचो. पहिल्या रविवारी ब्याऐंशी. तिसऱ्या रविवारी ब्याऐंशीच. पाचव्या रविवारी त्र्याऐंशी भरल्या आणि माझं डोकं फिरलं. इकडे पोटातली कळ वाढत चाललेली, उठताना त्या पोट दाबून धरायच्या. भाकरी मी मोजून वाढत होते, पाणी माझ्या हातानं देत होते. मग राहिलं काय? त्याच संध्याकाळी, शेजारीण बसलेली असताना, मी तोंड सोडलं. "आत्या, तुम्ही चोरून खाता." त्यांनी पदर सारखा केला, बोलल्या काहीच नाहीत. गप्प बसल्या म्हणजे खातातच, असं मी ठरवून टाकलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांनाच सगळं खाणंपिणं विचारलं.

"पाणी पिता ना?"

"पितो की. चार येळा."

"नुसतं पाणी?"

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नुसतं कोण देतंय व्हय? संगं गूळ असतोय की."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दारात आलेल्या अनोळखी पावण्यालाही आमच्याकडे गुळाशिवाय पाणी देत नाहीत, मग सासूला कसं देणार? दर वेळी लिंबाएवढा खडा मी वाटीत ठेवत होते. अडतीवरचा गूळ घरात कायम असायचा. भाकरीचा तुकडान् तुकडा मोजणारी मी, पण तो खडा हिशेबात धरायचं मला एकदाही सुचलं नाही. गूळ म्हणजे खाणं, असं कधी वाटलंच नव्हतं.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि लाज वाटली की मला रागच येतो.

"त्या दिवशी शेजारणीपुढं का बोलला नाहीत? गूळ नको म्हणायचं सरळ."

"गुळानंच व्हतंय, त्ये कळत हुतं मला," आत्या म्हणाल्या. एक हात पोटावर दाबून धरलेला होता. "नगो म्हणलो असतो, तर तू ठेवायची बंद झाली असतीस. तुझं लगीन हून येवढी वर्सं झाली. न मागता माझ्यापुढं दुसरं काय ठेवलंस, सांग की."

मी आठवायला लागले. रिक्षा येऊन उभी राहिली तरी मला एकही गोष्ट सांगता आली नाही.