नारायण पेठेच्या बोळातून आणलेली लेक

वाईहून निघाले तेव्हा जीव थाऱ्यावर नव्हता. माझी लेक द्वारका पुण्यात सासरी, सातवा महिना, आधीचे एक मूल पोटातच गेलेले. वैद्यांनी बजावले होते, माहेरी न्यायचे तर मेण्यातून (बंद पालखीतून) न्या, पण तिला चार पावलेही चालवू नका. म्हणून मेणा नि भोई घेऊन मीच निघाले.

कात्रजचा घाट उतरलो आणि पुणे दिसले. झाडीत दडलेली कौले, मधून डोकावणारे कळस. बायांनो, डोळे निवले.

नारायण पेठेत शिरलो तसे बोळ लागले. समोरासमोरच्या सज्ज्यांतून बायका हात लांबवून एकमेकींना कढीपत्ता देतात. ऊन खाली पोचतच नाही, पायाखालची फरशी गारच. एका घरातून फोडणीचा वास, दुसऱ्यातून मुलांची संथा. हौदावर पाणी प्यायले. कात्रजच्या तळ्यातून जमिनीखालून येते, असे तिथली बाई म्हणाली.

"आमच्या वाईला कृष्णा आहे हो," मी म्हटले.

"असेल. दारापर्यंत येते का?"

पुण्याचे बोलणे असेच, जेवणाआधी लोणचे वाढतात.

व्याह्यांच्या घराअलीकडे बोळाला वळण, आणि कोपऱ्यावरच्या घराचा दगडी ओटा पुढे आलेला. मेणा तिथेच अडकला. रिकामा होता तोवर कलता करून नेता आला असता, पण परतताना द्वारकेला निजवून कसा कलता करायचा? व्याह्यांनी अळूचे फदफदे नि मऊ भात प्रेमाने वाढला. जेवून उठले ती पुन्हा तो ओटा बघून आले.

सकाळी पाहते तो ओट्यावर घरमालक आप्पा सुपारी कातरत बसलेले.

"अहो आप्पा, काही उपाय सांगा. लेकीला चालवायचे नाही."

"ओटा आजोबांनी बांधलाय. तो हलणार नाही."

"मग?"

"घराला दारे असतात. ती हलतात."

त्यांच्या घराचे मागचे दार व्याह्यांच्या दारासमोरच उघडत होते. पण वाट जात होती स्वयंपाकघरातून, आणि तिथे आप्पांच्या बायकोचा, काकूंचा, सोवळ्यातला स्वयंपाक चाललेला. भोई आत आले की तो सगळा पुन्हा करायचा.

"अगं, नैवेद्याला आज उशीर," आप्पा आत ओरडले.

"आणि तुमच्या जेवणाला?"

"उपासाने कोणी मरत नाही."

"मरत नाही. दिवसभर ऐकवतं मात्र," काकू म्हणाल्या आणि वाटेतली पातेली बाजूला ओढू लागल्या.

मेणा चुलीशेजारून पलीकडे गेला, द्वारकेला उचलून आत निजवले, तसाच परत आला. काकूंनी तो थांबवला, पडदा सारून तिची ओटी भरली. "चालता येईल तेव्हा पुढच्या दाराने ये," एवढेच म्हणाल्या.

आमच्या वाईच्या रुंद आळीत मेणा सरळ दाराशी लागला. द्वारका माजघरात सुखाने निजली आहे. शेजारणी पुणे कसे म्हणून विचारतात. मी कळस सांगते, सज्जे सांगते, हौद सांगते. काकूंचा मोडलेला सोवळ्यातला स्वयंपाक सांगताना मात्र अडखळते. माझ्या चुलीवर तो असता, तर परक्या लेकीसाठी मी वाट दिली असती का? पुण्याला जाण्याआधी नसती दिली.