वर्तकनगर ते कोळसेवाडी: जावेच्या दारापर्यंत

इस्टरच्या आदल्या शनिवारी सकाळी रूथबाई वर्तकनगरहून डोंबिवलीला धाकट्या जावेकडे निघाल्या. चार वर्षांपूर्वी सासूबाईंच्या दफनाच्या वेळी त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "आईंना शेवटी पाणीसुद्धा वेळेवर मिळालं नाही." सासूबाईंचं सगळं करत होती ती धाकटी जाऊ, शालिनी. त्या दिवसापासून दोघी बोलत नव्हत्या, आणि मनात हे ठेवून चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घेणं रूथबाईंना जमत नव्हतं.

मी त्यांच्या मजल्यावर राहतो. त्यांच्या चर्चच्या मंडळीचा नाही. "तुम्ही चला," त्या म्हणाल्या. "पेपरात लिहिता, ऐकून घ्यायची सवय आहे. मध्ये बोलणार नाही."

ठाण्याहून बस मिळाली. मुंब्र्याचा डोंगर उजवीकडे घेत गाडी शिळफाट्याला आली आणि कंटेनरच्या रांगेमागे थांबली. दोन्ही बाजूंना नवे टॉवर. रूथबाईंच्या मांडीवर शेंगोळ्यांचा डबा होता (कुळथाच्या पिठाच्या वळ्या, लसणाच्या रश्श्यात शिजवलेल्या). दिराला आवडतात म्हणून पहाटे केलेले.

"रोज प्रार्थनेत म्हणते, मला ख्रिस्तासारखं कर," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "आणि एका बाईच्या दारात जायला चार वर्षं लागली."

"काय बोलणार?"

"त्यानं केलं तेच. क्षमा."

डोंबिवलीत मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत त्या न विचारता वळल्या आणि थबकल्या. जावेची इमारत नव्हती. निळे पत्रे आणि आत खड्डा. समोरच्या इस्त्रीवाल्यानं सांगितलं, "धोकादायक म्हणून पाडली ना. दोन वर्षं झाली. तुम्ही कोण त्यांच्या?"

"जाऊ."

"सख्खी?" त्यानं इस्त्री बाजूला ठेवली. "कोळसेवाडीत गेले ते. साहेबांना लकव्याचा अटॅक आला, अर्धं अंग गेलं. माहीत नाही तुम्हाला?"

रूथबाईंना माहीत नव्हतं. इस्त्रीवाल्यानं दिलेला पत्ता घेऊन आमची रिक्षा नेतिवलीच्या टेकडीखालून कल्याण पूर्वेत, कोळसेवाडीत शिरली.

तळमजल्याची खोली. दार शालिनीताईंनी उघडलं. हाताला साबण होता. रूथबाईंनी उंबऱ्यावरूनच, बसमध्ये ठरवलेलं वाक्य म्हटलं:

"शालिनी, मी तुला क्षमा केली."

शालिनीताईंनी साबणाचा हात पदराला पुसला. "तुम्ही? मला? मागायची कोणी आणि देतंय कोण, ताई?"

"अगं, म्हणजे प्रभूनं सांगितलंय..."

"प्रभूला मध्ये घालू नका. पाच वर्षं मी आईंचं हगणं-मुतणं काढलं. तेव्हा तो बघत होता. तुम्ही नव्हता."

आत पलंगावरून हसण्याचा आवाज आला. सामुएल, शालिनीताईंचे यजमान. बोलणं जड होतं, पण समजत होतं. "वहिनी, देवाच्या खुर्चीवरून उतरा. खाली चटई आहे."

रूथबाई चटईवर बसल्या. दुपारी सामुएल यांना कूस बदलून द्यायची होती. शालिनीताईंनी खांद्याला धरलं, रूथबाई उठून पायांकडे गेल्या. "उशी गुडघ्यांच्या मध्ये," शालिनीताई म्हणाल्या. "तशी नाही. उभी." रूथबाईंनी उशी उभी केली. मग शेंगोळे गरम झाले. सामुएल यांनी पहिल्याच घासाला सांगितलं, "मीठ कमी." रूथबाई हसल्या आणि हसता हसता रडल्या.

"माझं चुकलं, शालिनी."

"इथं चार भिंतींत?" शालिनीताईंनी ताट उचललं. "बोललात ते लोकांसमोर. अजून काही जणी माझ्या हातचा चहा घेत नाहीत."

त्या संध्याकाळी त्याच खोलीत मंडळीची घरगुती प्रार्थना होती. माणसं चपला बाहेर काढून दाटीनं बसली. पेटी लागली, दोन गीतं झाली. दफनाला आलेल्यांपैकी निम्मी तरी माणसं तिथं होती, असं रूथबाईंनी नंतर सांगितलं. साक्ष द्यायची, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगायची वेळ आली, तेव्हा त्या भिंतीचा आधार घेत उठल्या.

"कबरीजवळ मी जे बोलले ते खोटं होतं," त्या म्हणाल्या. "आईंना पाणी हिनंच पाजलं. मी महिन्यातून एकदा येत होते. माझी लाज मी हिच्यावर टाकली. क्षमा मी मागायला पाहिजे, ती मागते."

पेटीवाल्यानं पुढचं गीत धरायला हात उचलला होता, तो तसाच राहिला. शालिनीताई उठून ओट्याकडे गेल्या. प्रार्थना संपल्यावर त्यांनी सगळ्यांना चहा दिला. मागे बसलेल्या एका म्हातारीनं "मला चालत नाही" म्हणून हात हलवला. शालिनीताई पुढे गेल्या. रूथबाईंनी ट्रेमधला तोच कप उचलून तिच्यापुढे धरला. "घ्या, मावशी. चालेल." म्हातारीनं घेतला.

"ताई," शालिनीताई म्हणाल्या, "यांना रात्री दोनदा कुशीवर करावं लागतं. मला एकटीला होत नाही."

मी एकटा बसनं ठाण्याला परतलो.

इस्टरच्या दिवशी दुपारी रूथबाईंचा फोन आला. कल्याणच्या चर्चमध्ये दोघींनी शेजारी बसून भाकर आणि प्याला घेतला होता. सोमवारी संध्याकाळी वर्तकनगरला त्यांच्या दाराला अजून कुलूप होतं. दूधवाल्याला त्यांनी आठवडाभर दूध नको म्हणून कळवलं होतं.