गुलबक्षी जाकीट

सांगलीत मी बरीच वर्षं मुलींना कपड्यांचं डिझाइन शिकवलं. त्यातली एक साताऱ्याजवळच्या खेड्यातली होती. ती चौथीत असताना तिचे फौजी वडील सीमेवर मारले गेले. कॉलेजात असताना ती त्याबद्दल कधी बोलली नाही. पुढे पुण्यात तिनं स्वतःचं काम उभं केलं, नाव कमावलं आणि एक दिवस तिचा फोन आला. साताऱ्यात तिच्या नव्या कपड्यांचा शो होता. रॅम्पवर मॉडेल नव्हत्या. तिच्या आणि आसपासच्या गावांतल्या फौजींच्या विधवा चालणार होत्या. नवरा गेल्यावर ट्रंकेत ठेवून दिलेली एकेक साडी प्रत्येकीनं तिला दिली होती आणि त्या साडीतूनच तिनं त्या बाईसाठी कपडा शिवला होता.

"कौतुक करायला बाकीचे येतीलच," ती म्हणाली. "मॅडम, तुम्ही चुका काढा."

म्हणून मी आदल्या दिवशीच तालमीला गेले. हॉलमध्ये बायका संकोचून एका कोपऱ्यात बसल्या होत्या. एकेक उठून चालून दाखवायची आणि पटकन परत जागेवर जाऊन बसायची. कपडे सुंदर होते, हे मी आजही म्हणेन. पोरीनं साडीचे काठ सगळ्यांसारखे बाहीच्या टोकाला लावले नव्हते, खांद्यावरून पाठीत उतरवले होते. त्यामुळे वाकलेल्या पाठीसुद्धा ताठ दिसत होत्या. मोरपंखी रंगाला तिनं खाकीचं अस्तर दिलं होतं. हे तिला मी शिकवलेलं नव्हतं.

मग मी चुका सांगितल्या. दोन झग्यांचा घेर इतका की एसटीची पायरी चढताना पायात येईल. अस्तराचं वजन उन्हाळ्यात सोसणार नाही. आणि जवळजवळ सगळ्या चोळ्यांना हुक मागून होते.

"मागून काठ अखंड दिसतो, म्हणून," ती म्हणाली.

"दिसतो. पण हे हुक लावणार कोण?"

तिला पटकन कळलं नाही. मी तिला बाजूला घेतलं. यजमान गेल्यापासून मी घरात एकटी असते. मागून हुकाचे माझे चार चांगले ब्लाउज होते. हात पुरत नाही म्हणून आधी ते घालायचे राहिले, मग भाचीला देऊन टाकले. एवढं मी तिला सांगितलं. तिनं हातातल्या चोळीचा एक हुक काढला, पुन्हा लावला. मग म्हणाली, लहानपणी आई सणाला कुठं जायची असली की मला स्टुलावर उभी करून हुक लावून घ्यायची. बाबा सुट्टीवर आले की मला कुणी बोलवायचं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी उसवत बसलो. जेवढ्या जमल्या तेवढ्या चोळ्यांचे हुक पुढे घेतले.

तिची आई शेवटी चालणार होती. तिच्यासाठी सुती इरकलीतून गुलबक्षी जाकीट केलेलं होतं, पुढून बटणाचं, दोन खोल खिशांचं. त्यात मला काढायला चूक सापडली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाई त्या रंगात समोर आली तेव्हा हॉल उभा राहिला. ती कुणाकडे न बघता चालली, खिशात हात घालून. मी तिच्या लेकीकडे बघत होते. तिचं तोंड लहान मुलीसारखं झालं होतं.

शो संपल्यावर मी कपडे बदलायच्या खोलीत गेले. बायका घाईनं आपापल्या साड्या नेसत होत्या. बाहेर गावाकडे नेणारी जीप उभी होती. ओठांवरचा रंग पदरानं पुसणं चाललं होतं; एकीनं दुसरीला हनुवटी वर करून विचारलं, राहिलाय का कुठं? कपडे नीट घड्या करून त्यांनी टेबलावर ठेवले. एकीनंही आपला कपडा पिशवीत घातला नाही.

"आई, तू तरी घालून चल," लेक म्हणाली. "तुझंच हाय ते."

"हितं घातलं, बास झालं."

"कोन काय बोलतंय आता?"

आई बटणं काढत होती. आवाज न चढवता ती म्हणाली, "कोन बोलत न्हाई, बघत्यात. तू पुन्यात ऱ्हातीस. मला त्याच गल्लीत मरायचंय."

लेकीनं जाकीट हातात घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आईनं तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि जीपमध्ये जाऊन बसली.

त्या शोवर लेख लिहायचं मी कबूल केलं होतं. डिझाइनबद्दल मनापासून लिहिलं. हे कपडे रोज वापरता येतील का, या प्रश्नापाशी अडले आणि लेख तसाच राहिला.

पुढच्या थंडीत लेकीनं ते जाकीट माझ्याकडे पाठवलं. आईनं स्वतः मागितलं होतं. ऊब चांगली हाय, खिसं लय कामाचं हायती, रंग तेवढा काढून दे, मग घालते, असं म्हणाली होती. पुण्यात लेकीच्या हातून ते होईना. कुपवाडला माझ्या ओळखीचा रंगाईचा छोटा कारखाना आहे, तिथं मी घेऊन गेले. कारागिरानं दोनदा विचारलं, एवढा चांगला रंग कशाला घालवताय? मी म्हटलं, घरच्यांची इच्छा. गुलबक्षी पाण्यात उतरताना मी तिथंच उभी होते. वाटलं त्यापेक्षा लवकर उतरला. मग त्यांनी राखाडी चढवला.

जाकीट द्यायला मी त्यांच्या गावी गेले. आईनं चहा ठेवला, हात पुसले आणि लगेच घालून बघितलं. अंगाला अगदी बेतशीर बसलं. उजेडात आल्यावर तिनं शिवणीवर बोट फिरवलं. दोरा पॉलिएस्टरचा, त्यानं ना रंग सोडला होता, ना नवा घेतला होता. राखाडी कापडावर सगळीकडे बारीक गुलबक्षी टीप तशीच होती.

"हे ऱ्हायलं वाटतं," ती म्हणाली.

मी म्हटलं, उसवून दुसऱ्या दोऱ्यानं शिवून देते, संध्याकाळपर्यंत होईल.

तिनं मान हलवली. "असू द्या. लांबनं दिसत न्हाई कुनाला."

मग बादली घेऊन ती म्हशीकडे गेली. चहा उतू जायला लागला होता, तो मी उतरवला.