दोन ठिसूळ बाया बिद्रीच्या गुऱ्हाळात

अकोल्याच्या फलाटावर माझा धाकटा भाऊ बॅगेपेक्षा औषधांची पिशवीच जास्त वेळा तपासत होता. बर्फाच्या डब्यात इंजेक्शन, पाठीचा पट्टा, दोन उशा, एक्स-रेचं भलंमोठं पाकीट.

"ताई, अजून विचार कर," तो म्हणाला. "गाडीत धक्का बसला तर?"

"घरात बसून शिंकले तेव्हा कोणी धक्का दिला होता?"

त्यानं बर्फाचा डबा पुन्हा उघडून पाहिला. माझ्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांकडेही नव्हतं.

मी शाळेत चित्रकला शिकवते. चौदा वर्षांपासून मला क्रोन्स नावाचा आतड्याचा आजार आहे. तो बरा होत नाही. निजतो आणि पुन्हा उठतो. त्याच्याशी मी जमवून घेतलं होतं, तेवढ्यात चार वर्षांपूर्वी हाडं मोडायला लागली. आधी शिंकेनं बरगडी, मग पिशवी उचलताना मनगट, मग काहीही न करता पाठीचा मणका. इतक्या वर्षांच्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात हे खरं, पण एवढी होऊ नयेत, असं तीन डॉक्टरांनी सांगितलं. फाईलवर शेरा पडला, 'कारण अस्पष्ट'.

पोटाच्या रुग्णांचा आमचा मोबाइलवर एक गट आहे. त्यावर एकदा आवाजी निरोप आला, "शिंकलो आणि बरगडी मोडली. कुनाचं असं झालंय काय?" आवाज बाईचा आणि क्रियापद पुरुषाचं! कोल्हापूरकडच्या बाया अशाच बोलतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. गटातल्या कोणीच उत्तर दिलं नाही. मी लिहिलं, "माझं झालंय." ती रंजनाताई, बिद्रीची. तीन वर्षं आम्ही रोज बोलत आलो, पण भेटलो नव्हतो. अकरा महिन्यांपूर्वी तिचा मणका दबला आणि तिनं उंबरा ओलांडणं सोडलं. डॉक्टर म्हणत होते, चाला. नाही चाललात तर हाडं आणखी विरतील. ती म्हणायची, "तू आलीस तर चालतो." म्हणून मी निघाले.

सगळे टाळतात ती, शौचालयाला लागून असलेली जागा मी मुद्दाम मागून घेतली होती. रात्रभर दाराचा आपटण्याचा आवाज आणि सकाळी खिडकीत ऊसच ऊस. आमच्याकडच्या काळ्या, उघड्या रानांची सवय असलेल्या डोळ्यांना तो हिरवा रंग खोटा वाटेल इतका दाट होता. मी वही काढून रंगवायला घेतला. जमला नाही.

कोल्हापूर स्टेशनात रंजनाताईचे यजमान माझ्या नावाची पाटी धरून उभे होते. पाटीवर माझं नाव आणि खाली लिहिलेलं, 'हात लावू नये'.

"आमच्या मंडळींनी लिवून दिलंय," ते म्हणाले. "या की ताई. बॅग मी घेतो, तुमी निस्तं चाला."

मी त्यांना लगेच दाजी म्हणू लागले. दाजींनी गाडी अशी चालवली की सायकलवाले पुढे जात होते. मागून उसाचे ट्रॅक्टर, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या आणि कानठळ्या बसवणारी गाणी, हॉर्न वाजवून वाजवून थकत होते. एक जण शेजारी येऊन ओरडला, "पावणं, वरात हाय काय?"

दाजींनी काच खाली केली. "व्हय! जेवून जावा!"

कळंब्याच्या पुढे एका हॉटेलात थांबलो. मालकानं मला फक्त साधं ताक मागताना ऐकलं आणि चौकशी केली. हाडांचं नाव निघताच तो बाहेर येऊन बसला. "दूध प्या, म्हशीचं. धारोष्ण. हाडं लोखंड हुतील."

"मला दूध पचत नाही हो."

"मग पायांचा रस्सा."

"त्यात तिखट असतं."

त्यानं ताकाचा पेला माझ्यापुढे सरकवला. "मग जगतासा कशावर?"

दाजी इतके हसले की मलाही हसू फुटलं. मी बरगडी धरून, बेतानं हसले.

बिद्रीत शिरताना हवेत साखर कारखान्याचा गोड-आंबूस वास होता. रंजनाताई उंबऱ्याच्या आत वॉकर धरून उभी होती. फोनवर तिचा आवाज एवढा मोठा, की मी धिप्पाड बाई कल्पिली होती. समोर माझ्या खांद्याला लागेल एवढी, मोठ्या कुंकवाची बाई. मिठी मारायची सोय नव्हती. तिची दुसरी बरगडी बहिणीच्या मिठीतच गेली होती. आम्ही एकमेकींचे तळहात धरून उभ्या राहिलो. ती म्हणाली, "खरीच हायस की गं." आणि दोघींचे डोळे वाहायला लागले.

दुपारी दाजींनी स्वतः पांढरा रस्सा केला, मिरीसुद्धा न घालता. शेजारीण डोकावून म्हणाली, "तिखाट न्हाय तर ते काय जेवान?" पण ओल्या नारळाचं दूध आणि मटणाचं अळणी पाणी यांची ती वाटी मी सावकाश संपवली. पोट गप्प राहिलं. जेवणानंतर दोघींनी फायली पसरल्या. तिचं रक्त, माझं रक्त. तिचा मणका, माझा मणका. दोन तास ताडून पाहिलं. कुठंच काही सापडलं नाही.

"म्हंजे दोगींचंबी कळत न्हाय," ती म्हणाली आणि फाईल मिटली. "उद्या गुऱ्हाळाला जाऊया. चुलत दिराचंच हाय. फुडच्या बांधाला."

स्वयंपाकघरात दाजींच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

सकाळी ऊन वर आल्यावर निघालो. दाजी म्हणाले, गाडीनं नेतो. पण वाट चाकोऱ्यांनी फाटलेली. एका हिसक्यात दोघींचे मणके गेले असते. उचलून नेतो म्हणाले, तर रंजनाताई गरजली, "लांब ऱ्हावा!" उंबऱ्यात ती थांबली. वॉकरवरची बोटं पांढरी पडली होती.

"सुनंदा, पडलो तर?"

"पडलीस तर मी ओरडेन. मला तेवढंच येतं."

तिनं वॉकर बाहेर टेकवला, मग एक पाऊल टाकलं. दोन्ही बाजूंना डोक्यावर ऊस, पायाखाली मऊ माती. दाजी मागून हात पसरून येत होते, कोंबड्या हाकल्यासारखे. दहा पावलांवर थांबत, श्वास घेत, एरवी पाच मिनिटांची ती वाट आम्ही पाऊण तासात चाललो. अर्ध्यात ती म्हणाली, "अकरा म्हयनं झालं, उसाचं तुरं बगितलं नव्हतं." पुढे ती थांबायची ती तुरे बघायला.

गुऱ्हाळात मोठ्या काहिलीत (रस आटवायच्या कढईत) पिवळा रस उकळत होता. म्हादूआण्णा नावाचे म्हातारे गुळवे (गूळ उतरवणारे कारागीर) लांब दांड्यानं तो हलवत होते. वाफेत सगळ्यांचे चेहरे धूसर. मी चित्र काढायच्या नादात एक पाऊल मागे सरले आणि सांडलेल्या रसावरच्या पाचटावरून (वाळलेल्या पाल्यावरून) पाय घसरला.

"माय वं!" वऱ्हाडी तोंडून एवढंच निघालं आणि मी दाणकन बसले.

सगळे पुतळ्यासारखे. फक्त ऊस पिळणाऱ्या चरकाचं इंजिन चालू. दाजी धावले, तशा आम्ही दोघी एकदम ओरडलो, "हात लावू नका!" मी डोळे मिटून एकेका हाडाची हजेरी घेतली. मनगट हजर. कंबर हजर. पाठ... वाट पाहिली. मणका मोडला की आधी गार वाटतं, मग आग लागते. गार वाटलं नाही.

"काही नाही झालं," मी म्हटलं. माझाच माझ्यावर विश्वास बसेना. "खरंच काही नाही झालं."

रंजनाताईनं वॉकर बाजूला सरकवला. खांबाला धरून, इंच इंच करत, ती माझ्या शेजारी पाचटावर बसली. वर्षभरात ती जमिनीवर बसली नव्हती.

"अगं, तू कशाला?"

"एकटीच बसशील व्हय?"

मग लक्षात आलं, की आता दोघींनाही उठता येत नाही. दाजींनी कपाळावर हात मारला. तिला हसू आलं, मला हसू आलं, हसताना बरगड्या धरल्या, आणि तसं बरगड्या धरून हसणाऱ्या दोन बायकांकडे बघून ऊस घालणारे गडीही हसायला लागले.

म्हादूआण्णा मात्र काहिलीवरून हलले नाहीत. "दोगीबी हितंच बसा," ते म्हणाले. "गूळ उतरू दे, मग बगू." त्यांनी पितळीत गरम काकवी (घट्ट होण्याआधीचा पातळ गूळ) दिली. आम्ही बोटांनी चाटत अर्धा तास तिथंच बसलो. काकवी एवढी चांगली लागते, हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. रंजनाताईनं पितळी दोनदा भरून घेतली.

गूळ वाफ्यात (निववायच्या उथळ हौदात) ओतल्यावर उठवण्याची मसलत झाली. माझ्या व्यायामाच्या बाईंनी शिकवलेली पद्धत मी बसल्या जागेवरून सांगितली. आधी पालथी बादली, मग बाकडं. पायरी पायरीनं आम्ही स्वतःच चढलो. कोणी हात लावला नाही. बाकड्यावर बसल्यावर गड्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हादूआण्णांनी न हसता विचारलं, "आता घरला चालत जानार, का रव्यासंगं (गुळाच्या ढेपेसोबत) पाठवू?"

चालतच गेलो.

चार दिवस राहिले. त्यातला एक पूर्ण दिवस पोट उठलं आणि मी उशी पोटाशी घेऊन पडून होते; रंजनाताई बाजूच्या खाटेवरून भाताच्या पेजेचे हुकूम सोडत होती. तिथं मला कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. आजारात एवढी विश्रांती मला कधीच मिळाली नव्हती.

अकोल्यात उतरल्यावर भावानं घरी न नेता थेट एक्स-रे काढायला नेलं. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली, खाली घेतली, पुन्हा धरली.

"नवीन काहीच नाही. पडलात म्हणता? कशा वाचलात, सांगता येत नाही."

मोडतं त्याचं कारण माहीत नाही, आणि मोडलं नाही त्याचंही नाही. पुढच्या शिंकेला काय होईल, ते मला आजही ठाऊक नाही. पण चार वर्षं मी फक्त मोडण्याचीच वाट पाहत होते. न मोडणंही असंच अवचित येऊ शकतं, हे मला बिद्रीच्या पाचटावर बसून कळलं.

ही बातमी द्यायला मी रंजनाताईला फोन लावला. तो दाजींनी उचलला.

"ती न्हाय घरात," ते म्हणाले. आवाजात काळजी होती, आणि त्याहून मोठा असा आनंद, जो त्यांना लपवता येत नव्हता. "शेजारनीकडं हळदीकुंकवाला गेलीया. वॉकर घिऊन. मला म्हनली, मागनं येऊ नगासा."

अकरा महिन्यांत पहिल्यांदाच रंजनाताई मला घरी सापडली नव्हती.