धरणाऱ्या आया

‘सुटलीस ना? मग इथे काय उभी? पळ की!’

हे वाक्य चाचा एका रविवारी किती वेळा ओरडायचे याला सुमार नव्हता. मनगट सोडवलं की मुलगी हमखास समोरच्याकडे बघत उभी राहायची, आणि चाचा हॉलच्या दाराकडे बोट दाखवून ओरडायचे. तुम्ही तेव्हा रत्नागिरीत मांडवीच्या बाजूला राहत असाल, तर तुमच्याही कानावर आलं असेल.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. जहाजावरची नोकरी संपवून ते घरी आले होते. जहाज दुरुस्तीसाठी जपानच्या बंदरात अडकलं की ते तिथल्या तालमीत जाऊन बसत. तिथेच आयकिडो ही स्वसंरक्षणाची जपानी विद्या शिकले. परतल्यावर त्यांनी शाळेचा हॉल मिळवला, मंडपवाल्याकडच्या गाद्या अंथरल्या आणि मुलींसाठी वर्ग सुरू केला. मुली त्यांना सर म्हणायच्या, आम्ही आया चाचा.

आया तिथे कशा, तर त्यांची अटच होती, आईशिवाय प्रवेश नाही. ‘परक्या पोरींचे हात धरीन नि मग या गावात राहीन कसा?’ ते हसत म्हणाले. आयकिडोत कुणी धरल्याशिवाय तर काही सुरूच होत नाही. म्हणून हल्लेखोराचं काम आयांकडे आलं. मी आपली भिंतीला टेकून भाजी निवडायच्या बेताने गेले होते. पहिल्याच दिवशी पदर खोचून लेकीवर चालून जावं लागलं.

हल्लेखोर म्हणून आम्ही अगदीच कुचकामी. ‘वहिनी, असा धरतात काय? बांगड्या भरताय तिला?’ ते मला म्हणाले. माझ्या शेजारी रुकय्याभाभी, मासळीच्या व्यापाऱ्याची बायको. ती तर लेकीवर हल्ला करण्याआधी तिचे केस नीट करायची.

शिकवायचे मात्र सोपं करून. हात मागे ओढायचा नाही, ओढला की पकड आवळते. धरणाऱ्याचा अंगठा आणि बोटं जिथे मिळतात तिकडे मनगट वळवायचं, पाय बाजूला टाकून अंग फिरवायचं, आणि त्याचा जोर त्याच्याच वाटेने जाऊ द्यायचा. हे ते शाळेच्या शिपायाला स्वतःचा हात धरायला लावून दाखवत. शिपाई दर वेळी नव्याने चकित होऊन गादीवर आडवा होई.

माझी लेक बारावी झाली होती आणि पुण्याला शिकायला जायचं म्हणत होती. चाचांनी हो म्हटलं तर जा, असं मी सांगून टाकलं होतं. ते नाही म्हणतील अशी मला आशा होती, कारण तिची एक खोड जात नव्हती. हात सुटला तरी ती पळायची नाही. मी गादीवर बसकण मारली की मागे वळायची, ‘आई, लागलं का गं?’ सगळ्याच मुलींचं थोडंफार तसं होतं. चाचा कपाळावर हात मारून घ्यायचे.

‘तो तुझी आई नाय गो!’

प्रवेशाची तारीख जवळ आली तेव्हा त्यांनी मला बाजूला बोलावलं. ‘वहिनी, हिला जाऊच द्यायचं नाही असं मनात आणा नि धरा.’ मला मुद्दाम काही मनात आणावं लागलं नाही. मी दोन्ही हातांनी तिचं मनगट आवळलं. तिचा चेहरा बदलला. तिने पाऊल टाकलं, फिरली, आणि मी कोपरावर आपटले. चांगलंच लागलं. ती दारापर्यंत पळाली, दाराबाहेर पळाली, चपला आतच राहिल्या. चाचा शांतपणे म्हणाले, ‘जाऊ दे पुण्याला.’ मला रडू आलं. तिचा अभिमान वाटत होता आणि तिने वळून पाहिलं नाही याचा रागही आला होता.

रुकय्याभाभीची मुलगीही पुढे नर्सिंगला मुंबईला गेली. नव्या मुलींना धरायला माणसं कमी पडत, म्हणून आम्ही दोघी जात राहिलो. मग चाचांचा मुलगा त्यांना दुबईला घेऊन गेला. वर्ग बंद पडला. वर्षभरात तिकडेच ते गेल्याची बातमी आली.

त्या रविवारी आम्ही न ठरवता हॉलवर गेलो. गाद्या नव्हत्या, नुसती फरशी. शिपायाने दार उघडून दिलं आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

‘धरू काय?’ रुकय्याभाभीने विचारलं.

मी हात पुढे केला. तिने घट्ट धरला. मी तिचा दुसरा हात धरला. बराच वेळ आम्ही तशाच उभ्या होतो. सोडवून घ्यायचं दोघींच्याही मनात नव्हतं.