तान्ह्याला ओलांडू नये

माझ्या सासूबाई मनकर्णाबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, कधी एका जागी बसायच्या नाहीत. धामणगाव बढ्यातलं आमचं घर चार खोल्यांचं, पण त्यांचं फिरणं चार एकरांचं. जेवायला बसल्या की मीठ आणायला उठायच्या, मीठ आणलं की गोठ्यात डोकावायच्या. लग्न होऊन आले तेव्हा वाटायचं, ही बाई माझ्यावर पाळत ठेवते. मी मनातल्या मनात चरफडायचे. माझ्या लेकीच्या, प्राचीच्या वेळी मला दिवस गेले तेव्हा त्यांनीच एकदा भाकऱ्या थापताना सगळं सांगितलं. राग गेला. म्हणजे, सुनेचा जेवढा जातो तेवढा गेला.

त्यांचं सासर पळसोडी. ते गाव आता शोधून सापडायचं नाही. एका मोठ्या शहराच्या कडेला होतं. शहराचं नाव काय सांगायचं, ते तिकिटावर छापलेलं असतंच. पळसोडीचं नाव कशावरच नाही. काळी जमीन, ज्वारी, कधी न आटणारी विहीर, आणि आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक बोरीचं झाड. विमानांची पट्टी तिथं आधीपासून होती, इंग्रजांच्या वेळची, आखूड. पोरं तिच्या कडेनं गुरं चारायची. मग मोठी विमानं आली, त्यांना लांब पट्टी हवी झाली, आणि एके दिवशी मोजणीवाले साखळी घेऊन शेतात उतरले. गावाला वाटलं, कालवा येतोय. मग काय, त्यांना चहा पाजला, गूळ-शेंगदाणे खाऊ घातले. माझे सासरे उत्तमराव तर पाणी येणार या आनंदात त्यांच्या खुंट्या ठोकू लागले. आपल्याच शेतात, आपल्याच हातानं.

त्याच हिवाळ्यात आत्याबाईंचं पहिलं लेकरू बारशाच्या आधीच गेलं. एवढ्या तान्ह्याला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि आईनं तिथं जायचं नसतं. त्यांनी त्याला धुवट लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. बोरीखाली ठेवला, एवढंच त्यांना कळलं. पुढच्या उन्हाळ्यात बोर तुटली, विहीर बुजवली, वरून पट्टी गेली. सासरे बायकोला घेऊन इकडे तिच्या माहेराजवळ आले.

निजलेल्या लेकराला ओलांडू नये, त्याची वाढ खुंटते, हे आपल्याकडे कोणत्या घरात सांगत नाहीत? चुकून ओलांडलंच तर लगेच उलट ओलांडून मागं यायचं. आता आमच्या आत्याबाईंचं लेकरू निजलंय कुठं, तर पट्टीखाली. आणि लोक ओलांडतात कशानं, तर विमानानं.

हे सगळं आमच्या घरात मुरलेलं होतं. ते उकळून वर आलं प्राचीला जर्मनीत नोकरी लागली तेव्हा. तिचं विमान त्याच पट्टीवरून होतं.

"दुसऱ्या वाटेनं जाय म्हणा तिले," आत्याबाई अंगण झाडता झाडता म्हणाल्या. "रेल्वेनं जाय म्हणा."

"जर्मनीला रेल्वे जात नाही, आत्याबाई."

"मंग पोरगी कायले जाते तिथं?"

घर भरून सामान पडलेलं, पोरगी दूर जाणार म्हणून माझंच काळीज ठिकाणावर नव्हतं. माझा तोल गेला. "मेलेल्या लेकराची आता काय वाढ खुंटणार आहे?"

झाडणी थांबली. "तुमच्यासाठी मेला असन तो," त्या म्हणाल्या. "म्या तं त्याले निजवून देल्ला होता."

ओट्यावर जेवत बसलेल्या आमच्या ह्यांनी, भागवतांनी, ताट सरकवलं आणि ते बाहेर निघून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नको नको म्हणताना आत्याबाई जीपमध्ये येऊन बसल्याच. वाटभर काच खाली, काच वर. विमानतळाच्या दारात त्यांनी प्राचीच्या बॅगेचा पट्टा धरला तो सोडेचनात.

"विमान पळाले लागलं का पाय वर घेजो."

"घेईन, आजी."

"अन् गेली तशीच वापस येजो. याच वाटेनं."

"याच वाटेनं येईन." पोरगी हसली नाही, म्हणून मला रडू आलं.

ती आत गेल्यावर आम्ही बाहेर रस्त्याकडेला चहाच्या टपरीपाशी थांबलो. भिंतीपलीकडून एक विमान उठलं. आत्याबाईंनी माझं मनगट आवळलं. थोड्या वेळानं दुसरं एक खाली आलं.

"हे तेच काय व?"

"नाही, दुसरं आहे."

"पण वापस तं आलं." मग पुन्हा एक गेलं, पुन्हा एक आलं. त्यांनी टपरीवाल्याला विचारलं, "रोज असंच रायते काय?"

"असंच असतं, आजी. जेवढी जातात तेवढी येतात."

आत्याबाई बाकावर टेकल्या. अख्खा कप चहा संपेपर्यंत उठल्या नाहीत. माझ्या लग्नापासून हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आता त्या जेवणसुद्धा एका बैठकीत करतात. मीठ आणायला मीच उठते. विमानाचा आवाज इथं ऐकू येत नाही, तरी अंगणात जाऊन वर बघते. प्राचीची सुट्टी दोनदा पुढं ढकलली गेली. अखेर काल तिचा फोन आला.

"आई, रजा मिळाली. मुंबईला उतरते, तिथून गाडीनं येते. ते सोपं पडतं."

मी फोन घेऊन गोठ्यात गेले, गोठ्यातून परत अंगणात आले. ओट्यावर आत्याबाई शेंगा फोडत निवांत बसल्या होत्या. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी परसात गेले.

"मुंबई नाही. गेलीस तिथंच उतरायचं."

"आई, आता तूसुद्धा?"

"हो, मीसुद्धा. आणि चाक टेकताना पाय वर घे."