रिकामं राहिलेलं नाव
गरम कोंड्याचा वास आला, की मला मूल गावची ती राइस मिल आठवते. तेव्हा आमच्याकडे संगणक नवेच होते आणि मी गडचिरोलीहून एसटीनं दुरुस्तीला जायचो. मिलच्या ऑफिसात शिरलो तेव्हा मालक संगणक चालवणाऱ्या माणसाला रबरी पट्ट्यानं मारत होता. संगणक सुरू होताना जोडलेले भाग स्वतःच शोधून त्यांची नावं पडद्यावर दाखवतो. त्या दिवशी हार्ड डिस्कच्या नावाची जागा रिकामी होती, म्हणून यानंच डिस्क चोरली असं मालकानं धरलं. "कुठी इकली, सांग," मालक म्हणत होता. "म्या नाई नेली, भाऊ." त्या माणसाच्या डाव्या कानातून रक्त गळ्यावर आलं होतं. "थांबा भाऊ, मले पाहू द्या," म्हणत मी मध्ये शिरलो, तर एक फटका मलाही बसला. झाकण उघडलं. डिस्क जागेवरच होती, केबल तेवढी निसटली होती. ती दाबून मशीन सुरू केलं आणि डिस्कचं नाव आपोआप उमटलं. मालकानं पट्टा टाकला. "सापडली ना. चाल, कामाले लाग." तो माणूस उठला आणि तोच पट्टा उचलून त्यानं मालकाच्या तोंडावर हाणला. भुवई फुटली. दारात जमलेले हमाल जागचे हलले नाहीत. "मले चोर म्हनलं, ते वापस घ्या." डोळा दाबून धरत मालक म्हणाला, "घेतलं." तो माणूस जो निघाला, तो मिलमध्ये परत आला नाही. आताही कधी सावली गावच्या बाजारात भेटतो. मी त्याच्या उजव्या कानाच्या बाजूला उभा राहून बोलतो.